चालवणाऱ्याचं वजन

माझ्या दुकानात कार्बनची चाकं घ्यायला आलेल्या माणसाला मी आधी काट्यावर उभं करते. काटा पोत्यांचा आहे, एका बंद पडलेल्या गोदामातून आणलेला, आणि दारातून आत आलं की डाव्या हाताला आहे. बूट घालून, हेल्मेट चढवून, भरलेली पाण्याची बाटली हातात घेऊन उभं राहायचं. सायकलवर जे जे बसणार ते सगळं काट्यावर आलं पाहिजे. काहींना हा अपमान वाटतो. ते समोरच्या दुकानात जातात, तिथे कुणी काही विचारत नाही.

लोकांना चाकांबद्दल बोलायचं असतं. रिम किती उंच घ्यावी, आडवा वारा आला तर काय, स्पोक गोल बरे की चपटे. दोन-दोन महिने वाचून आलेले असतात आणि मलाच शिकवतात. मी चोवीस वर्षं हातानं चाकं बांधतेय, पण ते असो. "तुमचं वजन किती?" असं विचारलं की हीच मंडळी एकदम मोघम होतात. "असेल ऐंशीच्या आसपास." हे आसपास फार ऐसपैस असतं. माझ्या नेहमीच्या गिऱ्हाइकांत एक दंतवैद्य आहेत, ते काट्यावर चढले की पोट आत ओढून धरतात. काट्याला पोट दिसत नाही, हे त्यांना दोनदा सांगून झालं आहे.

वजन विचारावं लागतंच. चाक हलकं करायचं तर रिम पातळ करायची आणि स्पोक कमी लावायचे, त्याला तिसरा उपाय नाही. म्हणून कारखाना प्रत्येक जोडीवर एक आकडा देतो, की याहून जड माणसानं यावर बसू नये. माझ्याकडच्या सगळ्यात हलक्या जोडीचा आकडा होता पंच्याऐंशी किलो. पूर्वी एकाला मी ती नुसती त्याच्या शब्दावर दिली. उतारावरच्या एका खड्ड्यात मागची रिम फुटली आणि त्याच्या हनुवटीला सहा टाके पडले. टाके घालून झाल्यावर त्यानं खरं वजन सांगितलं.

माझा थोरला भाऊ, दादा, चौऱ्याण्णव किलोचा.

दादा लिफ्टचा तपासनीस आहे. इमारतीइमारतींत जाऊन दोर बघतो, ब्रेक बघतो, आणि आतली पाटी जागेवर आहे ना ते बघतो: आठ माणसं, पाचशे चव्वेचाळीस किलो. नववा माणूस आत शिरला तर दादा स्वतः बाहेर पडतो आणि जिन्यानं जातो, पण जाण्याआधी त्या नवव्याला पाटी मोठ्यानं वाचायला लावतो. त्याच्याबरोबर कुठं जायचं म्हणजे नकोसं होतं. आणि अशा माणसानं सहा वर्षं माझ्यामागे लकडा लावला होता, की मला ती पंच्याऐंशीवाली चाकं दे.

त्याच्या सायकली दोन. एक डोंगरातली, एक रस्त्यावरची. डोंगरातल्या सायकलला मी केव्हाच कार्बनची रुंद चाकं बांधून दिली होती, बत्तीस स्पोकची, कारण दगडधोंड्यांतून उड्या मारत जायचं तर तिथं हलकेपणाला कुणी विचारत नाही. तिथं चाक टिकायला हवं. पण रस्त्यावर, चढाला, त्याला हलकी चाकं हवी होती. वर्षातून एकदा सायकल सफाईला आणायच्या निमित्तानं तो येई आणि आपणहून काट्यावर चढे. बूट काढी, ते मी परत घालायला लावी. घड्याळ काढी. एका वर्षी त्यानं बोटातली अंगठी काढली आणि खिशात ठेवली.

"अगं बारके, प्रत्येक वस्तूत राखीव ताकद ठेवलेली असते. लिफ्टचा दोर आम्ही बारापट धरतो."

"मग आठांच्या लिफ्टमध्ये नऊ चालतील?"

"ते वेगळं."

"कसं काय?"

"त्यात लोक असतात," दादा म्हणाला, आणि बूट घालून निघून गेला.

यंदा तो आला तो शनिवारी दुपारी. सायकल दाराशी टेकवली, बाटली भरून घेतली, बूट काढायच्या भानगडीत पडलाच नाही. सरळ काट्यावर. मी आकडा वाचला. काट्याला थाप मारून परत वाचला. एक्याऐंशी.

"बोल," दादा म्हणाला.

दुकानात दंतवैद्य होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या. हे मी मुद्दाम सांगतेय. चोवीस वर्षं माणसांची वजनं घेणारी बाई, आणि सख्ख्या भावाच्या तेरा किलोंना मी टाळ्या वाजवल्या.

मग आम्ही बसलो चाकं निवडायला. दादा असल्या बाबतीत घिसाडघाई करत नाही. पंचेचाळीस मिलिमीटर उंचीची रिम सपाटीवर चांगली पळते, पण पुलावर आडवा वारा आला की हँडल हातातून ओढते. तिशीची रिम चढाला हलकी, सपाटीला मात्र बेताची. पस्तीस की चाळीस यावर आम्ही तासभर वाद घातला. दंतवैद्यांचं मत कुणी विचारलं नव्हतं, ते त्यांनी तीनदा दिलं. शेवटी पस्तीस ठरलं. पुढं वीस स्पोक, मागं चोवीस. जोडी तेराशे ग्रॅम. दादानं नमुन्याची रिम दोन बोटांवर तोलली आणि म्हणाला, "आता येईल मजा. हल्ली फार त्रास झाला गं चढाला."

"कसला त्रास?"

"पाण्याच्या टाकीपर्यंतचा चढ मी चोवीस मिनिटांत चढायचो की नाही? आता एकतीस लागतात. चाकं जड झालीयेत."

"चाकं जड होत नसतात, दादा."

"बेअरिंग घासत असणार. ग्रुपवर सगळे तेच म्हणाले."

त्याच्या रविवारच्या ग्रुपनं या सात मिनिटांवर तीन आठवडे खल केला होता. कुणी टायरमधली हवा सुचवली, कुणी साखळीचं तेल. एकानं त्याला सॅडल अर्धा सेंटिमीटर वर घ्यायला लावलं होतं. सायकलवाल्यांचं हे असंच असतं. माणूस दमला की सायकल तपासतात.

"आणि वजन कसं उतरवलंस?" मी विचारलं.

"काही केलं नाही."

"म्हणजे?"

"काहीच नाही. आपोआप उतरलं. नशीब लागतं," दादा म्हणाला आणि दंतवैद्यांकडे बघून भाव खाल्ला.

तो गेला. सायकल माझ्याकडे सोडून गेला, जुनी चाकं एकदा बघून ठेव म्हणून. मी मागचं चाक काढून स्टँडला लावलं. आउट काढायला बसावं तर आउट नव्हताच, रिम केसाइतकीही इकडेतिकडे नव्हती. बोटानं फिरवून सोडलं तर चाक फिरतच राहिलं, मी घड्याळात बघितलं, दीड मिनिट. पुढचंही तसंच. दोन्ही चाकं मीच बांधलेली होती आणि त्यांत तसूभरही खोट नव्हती.

मी त्या फिरणाऱ्या चाकासमोर स्टुलावर बसून राहिले. माणूस तेरा किलोंनी हलका झाला. चाकं ठणठणीत आहेत. तरी चढाला सात मिनिटं जास्त लागतात. चाक थांबलं तशी मी उठले.

दंतवैद्य अजून दुकानातच होते, पेडल बघत. मी त्यांना विचारलं, "डॉक्टर, काही न करता तेरा किलो उतरू शकतात का?"

त्यांनी पेडल खाली ठेवलं. ते एरवी फार बोलतात. "मी दातांचा आहे," ते म्हणाले, "पण त्यांना या आठवड्यात दाखवायला सांगा. पुढच्या नाही."

मी दुकान बंद केलं आणि वहिनीकडे गेले. वहिनी घरीच शिवणकाम करते, पुढच्या खोलीत मशीन, भिंतीला कापडांचे गठ्ठे. दादा घरी नव्हता, ग्रुपमध्ये एक्याऐंशी किलो दाखवायला गेला होता. वाटेत मी काय बोलायचं ते दोनदा घोकलं होतं. त्यातलं काहीच बोलावं लागलं नाही. वहिनीच्या मांडीवर त्याची पँट होती.

"ही तिसऱ्यांदा आत घेतेय," ती मान वर न करता म्हणाली. "डिसेंबरात दीड इंच. मग एक. आता परत दीड."

"तू बोलली का नाहीस?"

"तू का नाही बोललीस?"

"मला आज कळलं."

"मला डिसेंबरपासून माहीत आहे," वहिनी म्हणाली. "जेवताना ताट अर्धं सारून ठेवतो. विचारलं तर म्हणतो, सायकलवाल्यांनी कमीच खायचं असतं. म्हटलं, बरं. खरं सांगू? मला भीती वाटली. विचारलं की ते खरं होऊन बसेल, असं वाटलं. म्हणून नुसती शिवत राहिले."

तिनं पँट उलटी करून मला शिवण दाखवली. आत घेतलेलं कापड तिनं कुठंच कापलं नव्हतं. तिन्ही वेळचं कापड दुमडून आतल्या बाजूला तसंच ठेवलं होतं, आणि त्याचा इतका जाड थर झाला होता की दादा हल्ली कंबरेला टोचतं म्हणून कुरकुर करायचा. मग आम्ही दोघीही रडलो. मशीनच्या दोन बाजूंना बसून, अगदी रीतसर. नंतर वहिनीनं डॉक्टरांची सोमवार सकाळची वेळ घेतली आणि म्हणाली, "त्याला घेऊन यायचं काम तुझं. माझं तो ऐकणार नाही, हसून उडवून लावील."

माझं तरी कुठं ऐकतो? रविवारी फोन केला तर म्हणाला, आयुष्यात पहिल्यांदा वजन उतरलं तर तुमच्या पोटात का दुखतंय? मी चाकं देणार नाही म्हटलं. तो म्हणाला, समोरच्या दुकानातून घेईन. हे फार लागलं मला. पण सोमवारी सकाळी आठ वाजता तो जिथं कामावर होता तिथं जाऊन थडकले.

नवी सात मजली इमारत होती, रंगाचा वास अजून जायचा होता. वरच्या मजल्यावर थांबवलेल्या लिफ्टमध्ये दादा एकटा उभा होता आणि त्याच्याभोवती तपासणीची लोखंडी वजनं रचलेली होती, पंचवीस-पंचवीस किलोंची. मी आत शिरायला गेले तर त्यानं हात आडवा केला.

"वजन पुरं झालंय. बाहेरून बोल."

मी बाहेरूनच बोलले. "दादा, समज, एका लिफ्टमध्ये रोज सकाळी तीच आठ माणसं चढतात. आतलं यंत्र रोज तोच आकडा दाखवतं."

"हं."

"सहा वर्षं. आणि एक दिवस यंत्र सत्तर किलो कमी दाखवतं. माणसं तीच आठ. कुणी उतरलं नाही. काय करशील?"

"यंत्र तपासीन." तो कागदावर खुणा करत होता.

"तपासलं. यंत्र बरोबर आहे. वर लिफ्टही हळू चालायला लागलीय."

"मोटर?"

"मोटर, दोर, चाकं, सगळं उत्तम आहे. मी स्वतः बघितलंय."

"मग बंद करायची," दादा म्हणाला. त्याला विचार करावा लागला नाही. "कारण सापडेपर्यंत बंद. दाराला पाटी लावायची आणि कुणालाही आत..."

तिथं तो थांबला. पेन कागदावरच राहिलं. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग लिफ्टमधल्या आरशात बघितलं. सकाळच्या उजेडात त्याच्या गळ्याभोवती शर्टाची कॉलर दोन बोटं सैल होती आणि ती मला जितकी दिसली तितकीच त्यालाही दिसली असणार.

"साडेनऊला डॉक्टरांची वेळ आहे," मी म्हटलं. "वहिनी खाली उभी आहे."

"तिला कशाला सांगितलंस?"

"तिनं मला सांगितलं."

दादानं सगळी वजनं उतरवून घेतली, कागद पुरा केला, सही केली. काम अर्धवट टाकून तो निघालाच नसता. मग आम्ही जिन्यानं खाली आलो. दोन मजल्यांनंतर त्यानं कठड्याला हात टेकला, आणि मी तिकडे न बघितल्यासारखं केलं.

आतड्यात गाठ होती. ती काढली. मग सहा महिन्यांचे उपचार सुरू झाले, दर तीन आठवड्यांनी. डॉक्टर बाई चांगल्या होत्या, पण बोलायला फार काटकसरी. वहिनीनं विचारलं, पूर्ण बरं होईल ना? त्या म्हणाल्या, बघू. त्या बघूवर आमचं घर सहा महिने चाललं.

दादा माझ्या दुकानात येऊन बसू लागला. कामावर जायची मनाई होती, आणि घरी बसला की वहिनीच्या शिवणाला चुका काढायचा, म्हणून तिनंच त्याला माझ्याकडे पाठवलं. कोपऱ्यात खुर्ची टाकून तो गिऱ्हाइकांना सल्ले द्यायचा. एका बाईंना डोंगरातल्या सायकलला वीस स्पोकची चाकं हवी होती. त्यानं त्यांना इतकं घाबरवलं की त्या बत्तीस स्पोकची घेऊन गेल्या आणि शिवाय नवं हेल्मेटही. दंतवैद्यांना त्यानं पोट सोडून उभं राहायला शिकवलं. माझा धंदा त्या काळात वाढला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

खाणं मात्र नाही. तेवढंच नाही. वहिनी डबा द्यायची, तो डबा संध्याकाळी तसाच परत. औषधांनी तोंडाला चव नाही, वासानं ढवळतं, हे सगळं खरं. पण नंतर नंतर मला वाटायला लागलं की त्यानं मनातून हात टेकलेत. सूपचे चार चमचे घेई आणि भिंतीकडे बघत बसे. मी ओरडले, वहिनी ओरडली, डॉक्टर बाईंनीसुद्धा चक्क दोन वाक्यं बोलून बघितली. तो नुसता मान हलवायचा. शेवटच्या उपचारानंतर काट्यावर चढला तेव्हा आकडा होता एकाहत्तर. ते बघून तो हसला.

"बारके, चाकं मागव आता," तो म्हणाला. "एकाहत्तरला तर याहूनही हलकी मिळतील."

मिळणार होती. त्याच महिन्यात कारखान्यानं नवी जोडी काढली होती, पुढं सोळा स्पोक, मागं वीस, जोडी अकराशे ग्रॅम. मर्यादा पंचाहत्तर किलो. ती चाकं तयार मिळत नाहीत, कुठलीच मिळत नाहीत आता. फॉर्म भरून पाठवायचा, चालवणाऱ्याच्या वजनाप्रमाणे ते रिम घडवतात, भोकं पाडतात, आणि चार महिन्यांनी खोकं येतं. दादाला हे पाठ होतं. त्यानं खुर्ची टेबलाजवळ ओढली. सकाळचे अकरा वाजले होते, दुकानात दुसरं कुणी नव्हतं.

मी फॉर्म काढला. सायकल रस्त्यावरची. रिम पस्तीस मिलिमीटर. रंग काळा, दुसरा रंग नसतोच. मग आला चालवणाऱ्याच्या वजनाचा रकाना. मी चौऱ्याण्णव लिहिलं.

दादा कागद उलट्या बाजूनंही वाचू शकतो, त्याची नोकरीच ती. "हे काय लिहिलंस?"

"तुझं वजन."

"माझं वजन एकाहत्तर आहे. आत्ता तूच घेतलंस."

"चाकं आत्ता येणार नाहीयेत. चार महिन्यांनी येणार."

"चौऱ्याण्णवला अठ्ठावीस स्पोक देतील ते! रिम जाड देतील. जोडी पंधराशेच्या वर जाईल," दादाचा आवाज चढला. कित्येक आठवड्यांत चढला नव्हता. "सहा वर्षं मी हलक्या चाकांसाठी थांबलोय. आयुष्यात एकदा वजन बसतंय मर्यादेत, आणि तू चारशे ग्रॅम वाढवून मागवतेस? शुद्ध खोटं लिहितेस फॉर्मवर! तू!"

"हो."

"आणि चार महिन्यांनी मी एकाहत्तरच असलो तर?"

"तर चालव जड चाकं. मोडणार तर नाहीत."

"आणि मी..." दादा म्हणाला, आणि खालच्या आवाजात पुढं म्हणाला, "नसलोच तर?"

हे सहा महिन्यांत कुणीच बोललं नव्हतं. मी पेन खाली ठेवलं. हनुवटीच्या त्या सहा टाक्यांनंतर मी या दुकानात कुणाला खोटं वजन लिहू दिलं नव्हतं.

"मला दुसरा आकडा लिहिता येत नाही रे दादा," मी म्हटलं. "एकाहत्तर लिहिलं तर मी तुला असाच धरून चालले, असं होईल. ते मी करणार नाही. तुला असा हलका मी ठेवणार नाही. समोरच्या दुकानात जायचं तर जा."

मी रडत होते आणि मला त्याचा रागही आला होता. दादानं फॉर्म स्वतःकडे वळवून घेतला आणि वाचायला लागला. प्रत्येक ओळ, मागची बाजू, अगदी खालची बारीक अक्षरंसुद्धा. दोर तपासावा तसा त्यानं तो कागद तपासला. वजनाच्या रकान्यावर बराच वेळ थांबला. मग माझं पेन उचललं, खाली जिथं गिऱ्हाइकाची सही असते तिथं सही केली आणि तारीख घातली.

आणि उठून दाराकडे चालायला लागला.

"कुठं निघालास?"

"घरी. जेवायला."

"अकरा वाजलेत."

"चार महिन्यांत तेवीस किलो," दादा म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, एक हात दाराच्या चौकटीवर होता, आणि तो अतिशय वैतागलेला दिसत होता. "हिशेब कर, बारके. रोजचे एकशे ब्याण्णव ग्रॅम पडतात. वेळ कुठं आहे?"